मरुभूमीतील मोटार : काय लादावे, काय उतरवावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जोधपूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या या व्यासपीठावरून गेली पन्नास वर्षे संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकाल आणि अधूनमधून मधुमेह अशा विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. त्या पंगतीत आज एका मोटारगाडीने पाट मांडून बसावे, याचे ज्येष्ठ सभासदांना किंचित नवल वाटत असेल. विषय माझ्या आवडीचा असला तरी तो मी सुचविलेला नाही. गेल्या गणेशोत्सवात आपल्यापैकी चार तरुण कुटुंबांनी असा बेत जाहीर केला की, येत्या हिवाळ्यात दोन गाड्या घेऊन जैसलमेरच्या पलीकडील वाळूत जावे आणि ते साधले तर पुढील वर्षी लडाख गाठावे. बेत उत्तम आहे. दोन गाड्या नेण्याचा विचार तर फारच उत्तम. परंतु प्रवासापूर्वी गाडीवर जे जे चढवावयाचे ठरले होते त्याची यादी त्यांनी मोठ्या उत्साहाने माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मला काळजी वाटली. यादी दोन पाने भरून होती. आपल्या कार्यवाह वहिनींनी ती पाहिली आणि त्या म्हणाल्या, "भाऊ, या चौघांना घरी बोलावून सांगण्यापेक्षा सगळ्यांसमोरच सांगा ना. बरोबर मुले जाणार आहेत, आज्यांनाही ऐकू दे." म्हणून हा प्रपंच.

प्रारंभीच माझा अधिकार किती, हे सांगितलेले बरे. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो; यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. केंद्र सरकारच्या एका सर्वेक्षण खात्यात वाहने, भांडार आणि हिशेब यांची जबाबदारी मात्र बरीच वर्षे माझ्याकडे होती आणि त्यांतील अकरा वर्षे पश्चिम राजस्थानात गेली. लॉगबुक हा आपल्याकडे उपेक्षित राहिलेला वाङ्मयप्रकार आहे. त्यात अलंकार नसतात. कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, कोणता भाग मोडला आणि तो मोडला तेव्हा गाडीत काय काय भरले होते, एवढेच असते. अशी शेकडो लॉगबुके तपासून सह्या केल्यावर माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. वाळवंटात गाडी अडते ती एखादे साधन जवळ नव्हते म्हणून क्वचितच. बहुधा ती नको त्या ओझ्याने अडते. पुढे वाचनात असे आढळले की, हीच गोष्ट माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एका सैनिकी अधिकाऱ्याने, स्वतःचा जीव पणाला लावून, सिद्ध करून दाखविली होती. त्याची हकीगत आज थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण गाडी प्रवासायोग्य कशी करावी याचे त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

राल्फ बॅग्नोल्ड हे त्याचे नाव. जन्म १८९६, मृत्यू १९९०. ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलातून हे गृहस्थ संदेशवहन दलात गेले, १९२६ च्या सुमारास इजिप्तमध्ये आले आणि काही काळ त्यांची नेमणूक आपल्या देशातही होती. इजिप्तमध्ये असताना सुट्टी मिळाली की चार स्नेही जमवावेत, फोर्ड गाड्या घ्याव्यात आणि नाईलच्या पश्चिमेस लीबियाच्या वाळवंटात शिरावे, असा त्यांचा परिपाठ पडला. रजा सरकारची आणि खर्च पदरचा, हे सूत्र आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या गाड्या प्रथम 'मॉडेल टी' होत्या, पुढे 'मॉडेल ए' आल्या. आजच्या जाहिरातींतील गाड्यांसारखी चारही चाकांना चालना त्यांना नव्हती. मागची दोन चाके तेवढी इंजिनाने फिरत. अशा गाड्या घेऊन १९३० च्या आगेमागे या मंडळींनी इजिप्तच्या पश्चिम सीमेवरील वाळूचा तो अफाट विस्तार पार केला, ज्याला इंग्रजीत 'ग्रेट सँड सी' म्हणतात. दक्षिणोत्तर सुमारे ६५० किलोमीटर पसरलेल्या टेकड्यांच्या त्या ओळी मोटारीला अजिंक्य आहेत, असा तोपर्यंत सर्वांचा समज होता.

हे कसे साधले? गाडीवर काही चढविण्यापूर्वी त्यांनी ती सोलून काढली. शोभेचे, आडोशाचे, आरामाचे जे जे होते ते उतरविले. त्या जागी लाकडी पेट्यांसारखे साधे सांगाडे आले, ज्यांत पेट्रोल, पाणी आणि शिधा नीट बसेल. एवढे झाल्यावर मग भर घातली ती तीनच गोष्टींची, आणि त्या तिन्ही इतक्या साध्या आहेत की आपल्या गल्लीतील गॅरेजवालाही त्या करून देईल.

पहिली गोष्ट पाण्याची. त्या काळच्या गाड्यांचे रेडिएटर उन्हात आणि वाळूत उकळत. उकळलेले पाणी वाफ होऊन वरच्या नळीवाटे उडून जाई, आणि दर काही मैलांवर पिण्याचे पाणी इंजिनाला पाजावे लागे. माणसाचे पाणी यंत्राने प्यावे, हा वाळवंटातील सर्वांत भयंकर हिशेब. यावर उपाय असा योजला की, पाणी बाहेर टाकणारी ती नळी मोकळी न सोडता गाडीच्या पायरीवर बसविलेल्या डब्याच्या तळापर्यंत नेली. डबा पाण्याने अर्धा भरलेला. रेडिएटर उकळू लागला की वाफ त्या थंड पाण्यात शिरे आणि तिथेच पाणी होऊन राही. डब्यातले पाणीही तापून उसळू लागले की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवावयाची. इंजिन निवले की रेडिएटरमधील वाफ आकसून तिथे पोकळी होई आणि डब्यातले पाणी आपोआप परत वर ओढले जाई. एक थेंबही वाया जाऊ नये, अशी ही व्यवस्था. आज प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली जी अर्धपारदर्शक प्लास्टिकची बाटली असते, तिचे तत्त्व याहून निराळे नाही. तेव्हा घरी गेल्यावर बॉनेट उघडून त्या बाटलीतील पातळी तेवढी पाहावी. यादीतील पहिल्या पानाइतके काम तिथे होऊन जाते.

दुसरी गोष्ट पोलादी पट्ट्यांची. पहिल्या महायुद्धात खंदकांवरील छपरासाठी जाड पन्हळी पट्ट्या तयार करण्यात आल्या होत्या. तसल्या पट्ट्या बॅग्नोल्ड यांना कैरोच्या जुन्या बाजारात भंगारात सापडल्या. चाक रुतले की त्याच्या पुढची वाळू हातांनी उकरावयाची, पट्टी चाकाला भिडवून तिरपी सारावयाची आणि गाडी हलके पुढे घ्यावयाची. चाकाला चार-पाच फुटांचा रस्ता मिळतो, तेवढ्यात गाडी गती घेते. पट्ट्या उचलून माणसे मागून पळत जातात. या युक्तीत कौशल्यापेक्षा घामच अधिक लागतो. अजूनही जगभर वाळूत जाणारा प्रवासी हीच पट्टी बाळगतो. फरक इतकाच की ती आता पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची असते आणि भडक नारिंगी रंगात मिळते.

तिसरी गोष्ट दिशा ओळखण्याची. लोहचुंबकी होकायंत्र पोलादी गाडीत बसविले की बहकते. खरी दिशा पाहावयास गाडी थांबवून दूर चालत जावे लागते. बॅग्नोल्ड यांनी चालकाच्या समोर अंशांची आडवी तबकडी बसविली, तिच्या मध्यभागी एक उभी सुई, आणि सुईची सावली कोणत्या अंशावर पडते ते पाहून गाडी हाकली. सूर्य सरकतो तशी तबकडी ठराविक वेळाने फिरवावयाची. किती मैल झाले आणि कोणत्या दिशेने झाले, याची नोंद सतत ठेवावयाची आणि रात्री ताऱ्यांवरून ती पडताळून पाहावयाची. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य माथ्यावर आला की सुईची सावली नाहीशी होते. त्या वेळी थांबून विश्रांती घेणे त्यामुळे ओघानेच आले. आमच्या आज्या सूर्याची सावली पाहून वेळ सांगत असत, या मंडळींनी वेळेवरून दिशा काढली, विद्या एकच.

१९३९ च्या शरद ऋतूत बॅग्नोल्ड निवृत्तीतून पुन्हा सैन्यात बोलावले गेले. ते आफ्रिकेला निघाले असता भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली, दुरुस्तीसाठी ते इजिप्तच्या बंदरात आले, आणि या अपघातामुळे वाळवंटाचा जाणता माणूस वाळवंटाच्या दारात येऊन उभा राहिला. १९४० च्या जूनमध्ये सरसेनापती वेव्हेल यांनी त्यांना सहा आठवड्यांची मुदत देऊन 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ही तुकडी उभारण्याची मुभा दिली. तुकडीत प्रथम बहुतेक न्यूझीलंडचे शेतकरी आले, ज्यांना यंत्राची सवय होती. दीड टनी शेव्हरोले ट्रक मिळविण्यात आले आणि पुन्हा तेच झाले. दारे काढली, छपरे काढली, पुढच्या काचा काढल्या. पाटे मात्र जादा घातले, टायर रुंद बसविले, वाफ साठविण्याचा डबा, वाळूच्या पट्ट्या आणि सूर्य-होकायंत्र लावले. त्या ट्रकांनी रसद न घेता हजार मैलांच्या फेऱ्या केल्या. वाळवंटातील युद्धाची एक ओझरती पण मला फार मोलाची वाटणारी बाब अशी की, १९४१ च्या अखेरीस हिंदी सैन्यातील घोडदळाच्या रेजिमेंटांतूनही अशीच 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन' निघाली. तिच्यात जाट होते, राजपूत होते, शीख होते, पंजाबी मुसलमान होते. घोड्यावरून उतरलेल्या त्या राजपुतांपैकी कोणी याच मरुभूमीचा असेल काय, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

बॅग्नोल्ड यांनी १९४१ मध्ये वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ लिहिला आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मंगळावरील एका वाळूच्या टेकड्यांच्या समूहाला त्यांचे नाव आहे, आणि २०१५ च्या अखेरीस 'क्युरिऑसिटी' ही गाडी त्या टेकड्यांपाशी जाऊन पोहोचली. ज्याने दोन चाकांच्या ताकदीवर वाळू तुडविली त्याच्या नावाच्या वाळूपाशी पुढे सहा चाकांची गाडी गेली.

आता आपल्या थरकडे वळतो.

आमच्या खात्यात एक वयोवृद्ध चालक होते. सारे त्यांना उस्ताद म्हणत, साहेबलोकही. त्यांनी बॅग्नोल्ड यांचे नाव ऐकलेले नव्हते. पण त्यांची जीप पाहिली तर त्याच गुरूचा हा शिष्य वाटावा. मागे दोन जाड फळ्या, कारण वाळूत जॅक लावला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. फळीशिवाय जॅक म्हणजे वाळूत रोवलेला खिळा. चार गोणपाटे, जी पट्ट्यांचे काम करीत. एक फावडे. पुढे दोरीने टांगलेली कॅनव्हासची छागल, जिच्यातले पाणी झिरपून झिरपून मे महिन्यातही थंड राही. आणि हवेचा दाब मोजण्याचा एक पितळी मापक, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत.

तो मापक हेच त्यांचे मुख्य हत्यार होते. येथे थोडे गणित करू. सोळाशे किलोची गाडी घ्या; प्रत्येक चाकावर चारशे किलो भार. टायर जमिनीवर साधारण तितकाच दाब देतो जितका त्याच्या आतील हवेचा असतो. रस्त्यावर आपण ३२ पौंड हवा ठेवतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. त्या दाबावर चारशे किलो पेलायला टायरचा सुमारे १८० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. हवा निम्मी करून १६ पौंडांवर आणली की टेकणारा भाग दुप्पट होतो, टायर लांबट पसरतो, आणि जी वाळू आधी फाटत होती तीच आता गाडी पेलते. उंटाच्या पायाची गादी हेच करते. पैसा शून्य, वेळ दहा मिनिटे. उस्ताद वाळूच्या कडेला उतरत, चारही चाकांची हवा सोडीत, विडी पेटवीत, आणि विडी संपेपर्यंत समोरच्या टेकडीकडे पाहत राहत. वाऱ्याच्या बाजूची चढण घट्ट असते आणि आडोशाची उतरण, जिचा कोन तेहेतीस अंशांच्या आसपास असतो, ती भुसभुशीत असते. कोणती बाजू कोणती हे त्यांना पाहूनच कळे. तरीही ते आधी पायी जाऊन येत. त्यांची गाडी कधी टोचन करून आणावी लागल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

मात्र हवा सोडली तर डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे. कमी हवेचा टायर वेगाने पळविला की त्याच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि फुटतात. म्हणून हवा भरण्याचा लहान विजेरी पंप बरोबर हवा. मंडळींच्या दोन पानी यादीत तो नव्हता. शिंगांसारखे दिवे सहा होते.

आता ज्या घटनेमुळे मी या विषयाबाबत थोडा हट्टी झालो ती सांगतो. २००३ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका खात्याची जीप बाडमेरच्या पश्चिमेस ठरल्या वेळी परत आली नाही. तिच्यावर काही महिन्यांपूर्वीच मोठ्या थाटाने छतावर लोखंडी जाळी बसविण्यात आली होती, आणि जाळी आहे म्हटल्यावर ती भरली जाणारच. नळ्या, छोटे जनित्र, डिझेलचे पिंप, आणि त्यांच्याच शेजारी पाण्याचे पिंप. गाडीत तिघे होते. त्यांतला एक सर्वेक्षक आपल्या सोलापूरकडचा, नोकरीला लागून वर्ष न झालेला पोरगा. दुसऱ्या दिवशी पहाटे उस्ताद निघाले, मी शेजारी बसलो होतो. चाकोरीवरून चाकोरी काढीत आम्ही नऊच्या सुमारास तिथे पोहोचलो. मागच्या डाव्या चाकावरील मुख्य पाटा मधोमध तुटला होता. धक्क्याने छतावरील जाळीचे बोल्ट कापले गेले, जाळी एका बाजूस कलली, आणि पाण्याचे पिंप खाली पडून फुटले. त्या जागी वाळूवर ओलाव्याचा डागही उरला नव्हता. तिघे जीपच्या सावलीत पडून होते आणि सावली तासातासाला आखूड होत होती. सोलापूरच्या त्या मुलाला मी मराठीत हाक मारली. त्याला उत्तर देता येईना. पेला त्याने दोन्ही हातांनी धरला. उस्तादांनी त्याला एकदम पिऊ दिले नाही, घोटघोट दिले.

माणसे सावरल्यावर त्यांनी आधी छत रिकामे केले. सारा माल वाळूवर उतरविला. मग फळीवर जॅक ठेवून गाडी उचलली आणि वाळलेल्या खेजडीचा एक ओंडका आस आणि चौकट यांच्यामध्ये बसवून दोरीने करकचून बांधला. वाळलेल्या म्हणतो, कारण हिरव्या खेजडीला या मुलखात हात लावीत नाहीत. १७३० मध्ये येथून जवळच खेजडली गावी ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी त्या झाडांसाठी प्राण दिले. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी हीच. त्या ओंडक्यावर लंगडत लंगडत जीप माणसाच्या चालीने निघाली आणि दिवेलागणीच्या वेळी डांबरी रस्त्याला लागली.

पुढे त्या खात्यात चौकशी झाली. छतावरील जाळी अधिक मजबूत बसवावी, अशी शिफारस करण्यात आली, असे कानांवर आले.

आता आपल्या तरुण मंडळींच्या यादीची बेरीज करू या. आकडे ढोबळ आहेत, पण फार चुकीचे नसावेत. पुढचा पोलादी बंपर ४५ किलो. गाडी ओढून काढण्याचे विजेरी यंत्र, ज्याला विंच म्हणतात, दोरासह ३५. छतावरची जाळी ४०, तिच्यावरचा घडीचा तंबू ६०, जादा स्टेपनी ३०, मागचे लाकडी खण ४५, फ्रिज आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी मिळून ४५. झाले ३०० किलो, आणि अजून कोणी गाडीत बसलेले नाही. पाच माणसे ३५०. इंधनाचे २० लिटरचे दोन डबे सुमारे ४० किलो. तेवढेच पाणी डब्यांसह ४५. सामान, अंथरुणे आणि वहिनींनी दिलेला फराळ मिळून ८० धरा. एकूण ८०० च्या वर गेले. अशा वर्गातील बहुतेक गाड्या माणसांसकट पाचशे-सहाशे किलोंच्या आसपास भार वाहण्यासाठी बनविलेल्या असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत आहे, तो पाहा. म्हणजे जी मोटार खडतर प्रवासासाठी 'तयार' झाली असे आपण म्हणतो, ती दारातून निघतानाच दमलेली असते. ब्रेक लागावयास अंतर अधिक लागते, पाटे आणि चाकांतील बेअरिंग झिजतात, टायर रुततात. त्यातून छतावरचे शंभर किलो वेगळेच. टेकडीवर गाडी आडवी झाली की ते तिला उलथविण्यास हातभार लावतात.

१९४० च्या दशकातील विलिस जीप सुमारे अकराशे किलोंची होती. १९४७ पासून मुंबईत जिची जुळणी होऊ लागली ती याच वंशातली. १९८५ मध्ये आलेली जिप्सी तर हजार किलोंच्या आसपास. आपल्या सैन्याने आणि सर्वेक्षण खात्यांनी अर्धा देश या हलक्या गाड्यांतून पालथा घातला. आजच्या गाड्या सुरक्षिततेच्या साधनांमुळे जड आहेत, आणि त्या तशा असाव्यात हे मला मान्य आहे. म्हणूनच त्यांच्यावर आणखी चढविण्यास जागा कमी उरली आहे.

कायद्याचाही विचार करावा लागेल. सरकारी नोकराने तो सांगितलाच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांसंबंधी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले की, निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार करता येत नाही. गाडीपुढे लावतात त्या पोलादी दांड्यांविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले आहे. त्यामागचे कारण सरकारी असले तरी शहाणपणाचे आहे. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपावा आणि हवेच्या पिशव्या योग्य क्षणी फुगाव्यात, अशी रचना केलेली असते. पोलादी दांडी तिच्यात मोडता घालते, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याचे काय होते ते सांगावयास नको. उपग्रहावरून चालणारा दूरध्वनीही परवान्याशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाही. परदेशातून भाच्याने पाठविला असला तरी नाही. सीमेलगतच्या भागासाठी लागणारी परवानगी जिल्हा प्रशासनाकडून आधी घ्यावी.

वाळूत कुठेही गाडी घालावी, असेही नाही. जैसलमेरच्या बाजूला सेवण गवताची जी सपाट मैदाने दिसतात, ती गोडावण पक्ष्याची शेवटची मोठी आश्रयस्थाने आहेत. गोडावण म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य झाले आणि जो आता तिकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. चाकाखाली ते आले तर चालकाला कळणारही नाही. लीबियाच्या खडकाळ सपाटीवर त्या युद्धातील ट्रकांच्या चाकोऱ्या अनेक दशके दिसत राहिल्या. वाळवंट लवकर विसरत नाही. रुळलेली चाकोरी असेल तर ती सोडू नये.

मग गाडीत काय असावे, असे विचाराल. चांगल्या स्थितीतील टायर, स्टेपनीसह पाच. हवामापक आणि पंप. दोन पट्ट्या, फावडे, जॅक आणि त्याच्याखालची फळी. ओढण्याचा पट्टा आणि गाडीच्या चौकटीला पक्के जोडलेले आकडे. पट्टा बंपरला बांधला तर बंपर सुटून तोफगोळ्यासारखा येतो, हे लक्षात असू द्या. पाणी, माणशी दिवसाला पाच लिटर या हिशेबाने आणि दोन दिवसांचे अधिक, निदान दोन वेगवेगळ्या डब्यांत, आणि ते छतावर नव्हे. इंधन पोलादी डब्यांत. जेरीकॅनची घडण मुळात जर्मनांची. ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाळवंटात इतके गळत की शत्रूचा डबा हाती लागला तर सैनिक तो जपून ठेवीत, आणि पुढे त्याचीच नक्कल झाली. आणि घरी एक कागद: कोणत्या वाटेने जाणार, कोणत्या वेळी परत येणार, आणि किती वेळ वाट पाहून कोणाला कळवावे. एवढे सगळे मिळून शंभर किलोंच्या आत बसते, पाणी आणि इंधन सोडून.

लडाखविषयी थोडक्यात. तिथे वाळूऐवजी उंची आहे. पाच हजार मीटरांच्या वर हवा जवळपास निम्मी उरते, इंजिन धापा टाकते आणि माणूसही. जास्तीचा प्रत्येक किलो तिथे दोनदा जाणवतो, चढताना इंजिनाला आणि उतरताना ब्रेकला. उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये ठेवावी, ब्रेक तापवू नयेत. मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन चढताना लेहमध्ये आधी दोन दिवस स्वस्थ राहावे. बाकीचे पुढल्या वर्षी सांगेन.

आपल्या चार कुटुंबांनी यादीवर पुन्हा विचार केला आहे, असे मला काल कळले. छतावरचा तंबू गेला, जाळी गेली, दिवे सहाचे दोन झाले. फ्रिजबद्दल अजून घरोघरी चर्चा चालू आहे. त्यात मी पडत नाही.

उस्ताद सेवानिवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो पितळी मापक मला दिला. तो, ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, एक पंप आणि फळी, एवढे सामान मी मंडळाच्या ग्रंथालयात ठेवले आहे, नाट्यविषयक पुस्तकांच्या कपाटाशेजारी. ज्यांना प्रवासाला जावयाचे असेल त्यांनी पुस्तकांप्रमाणेच नोंदवहीत सही करून न्यावे. परत आणताना पट्ट्यांवरची वाळू बाहेरच झटकावी, अशी ग्रंथपाल काकूंची सूचना आहे.